ब्रॉडहेड निवडताना : आधी मजबुती, मग धार

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबर लागला की धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम उघडतो. तिकडे राहणारा एखादा मराठी माणूस शेजाऱ्याच्या नाहीतर ऑफिसातल्या मित्राच्या नादाने तिरंदाजीला लागतो, फोमच्या निशाणावर हात बसवतो, हंटर एज्युकेशनचा कोर्स करतो, परवाना काढतो आणि मग दुकानात ब्रॉडहेडच्या, म्हणजे बाणाच्या पात्यांच्या शिकारी टोकांच्या, पाकिटांपुढे गोंधळून उभा राहतो. तीन नगांचं पाकीट तीस-चाळीस डॉलरलाही मिळतं आणि शंभराच्या पुढेही जातं. प्रत्येक पाकिटावर ‘वस्तऱ्यासारखी धार’ असं छापलेलं असतंच. हा लेख त्या माणसासाठी आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा इथल्या वाचकांनी तो निव्वळ माहिती म्हणून वाचावा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्रॉडहेड घेताना पहिला प्रश्न ‘हे किती धारदार आहे’ हा विचारू नये. ‘हे हाडावर आपटलं तर सरळ राहील का’ आणि ‘याची धार गेली तर ती मला परत लावता येईल का’ हे दोन प्रश्न विचारावेत. पाकिटातून निघालेली धार फार तर पहिल्या दिवसाची असते. पुढची सगळी धार तुमच्या हातची.

हा सगळा विचार पारंपरिक धनुष्यासाठी आहे, म्हणजे लाँगबो किंवा रिकर्व्हसाठी. कंपाउंड धनुष्याच्या चाकांची मदत इथे नाही. कंपाउंडचा बाण सेकंदाला 280-300 फूट वेगाने सुटतो, तर 45-50 पौंड ओढीच्या रिकर्व्हमधून सुटलेला बाण साधारण 170 ते 190 फुटांचाच वेग गाठतो. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का बाणात नसतोच. बाण कापतो, रक्त वाहतं आणि त्यातूनच जनावर जातं. त्यामुळे हाताशी असलेली थोडकी ताकद वाया न घालवणारं टोक पाहिजे. आपटल्यावर पाती उघडणारी, म्हणजे मेकॅनिकल ब्रॉडहेड्स मी या धनुष्यांसाठी पूर्णपणे बाजूला ठेवतो. पाती उघडण्यातच काही ताकद खर्ची पडते, आणि ती आपल्याकडे मुळात जास्त नाही.

मजबुतीचा मुद्दा नुसता अनुभवाचा नाही. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, धनुष्याने शिकारीला परवानगी द्यावी की नाही हे ठरवण्यासाठी चाचण्या झाल्या. डॉ. एड ॲशबी यांनी त्या केल्या आणि पुढे अनेक वर्षं ते काम चालू ठेवलं. बाण जनावरात किती खोल जातो हे कशावर ठरतं याची त्यांनी जी क्रमवारी लावली, तिच्यात पहिला क्रमांक बाणाच्या आणि टोकाच्या मजबुतीचा आहे. टोक वाकलं, पुंगळी (टोकाचा काडीशी जुळणारा नळीसारखा भाग) तुटली, बाणाची काडी चिरली की बाकी सगळं शून्य. दुसरा क्रमांक बाणाच्या सरळ उड्डाणाचा. धार या यादीत मधोमध कुठेतरी येते. ते वाचून धारेकडे दुर्लक्ष करणारेही मी पाहिले आहेत. तो मात्र यादीचा चुकीचा अर्थ झाला. यादी खोलीची आहे. बाण आत गेल्यावर रक्त किती वाहणार हे धारच ठरवते.

ॲशबींचा 650 ग्रेनचा आकडाही बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलेला असतो. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड, तेव्हा 650 ग्रेन म्हणजे साधारण 42 ग्रॅमचा बाण. हा आकडा जड हाड भेदण्याच्या संदर्भातला आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, म्हणजे व्हाइटटेलची, बरगडी पातळ असते. तिच्यासाठी एवढ्या वजनाची गरज नाही. धनुष्याच्या दर पौंडामागे नऊ-दहा ग्रेन हा जुना हिशोब पुरतो. 50 पौंडांच्या धनुष्याला 450 ते 500 ग्रेनचा बाण, आणि त्यात ब्रॉडहेड 125 ते 200 ग्रेनचं. मूस किंवा एल्कच्या मागे जाणाऱ्यांनी वरच्या बाजूला सरकावं.

आता आकार. दोन पात्यांचं की तीन पात्यांचं, यावर तिरंदाजांच्या बैठकीत रात्र सरते. माझा कल दोन पात्यांकडे आहे, विशेषतः धनुष्य 50 पौंडांच्या आतलं असेल तर. हॉवर्ड हिल या नामांकित अमेरिकन तिरंदाजाचा आग्रह होता की ब्रॉडहेडची लांबी रुंदीच्या तिप्पट असावी. लांब आणि निमुळतं पातं पाचरीच्या तत्त्वाने कमी ताकदीत जास्त आत शिरतं. दीड इंच लांब आणि दीड इंच रुंद टोक जखम मोठी करेल, पण ते बरगडीवर अडण्याची भीतीही तेवढीच मोठी. हलक्या धनुष्याला सव्वा इंचापेक्षा रुंद टोक नको. तीन पात्यांचं टोक वाईट नाही. त्याची जखम सहज बंद होत नाही आणि धार लावायला ते अगदी सोपं असतं, त्याचं कारण पुढे येईल. 55-60 पौंड सहज ओढणाऱ्याने ते खुशाल वापरावं.

पाती भरीव आहेत की भोकं पाडलेली, हेही बघा. भोकांमुळे वजन कमी होतं, पण बाण उडताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि पातं कमजोर होतं. हरणाचे कान फार तिखट. दोरीच्या आवाजानेच ते दचकून खाली बसतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. त्यात शिट्टीची भर कशाला?

बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडची टोकं नवख्याला मोहात पाडतात, कारण धार लावायची कटकट नाही. ही ब्लेडं साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीची असतात. हाडावर ती वाकतात किंवा तुटून आत राहतात. मग मांस कापताना तोच तुकडा तुमच्या बोटात शिरतो. एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेलं, नाहीतर जाड पात्याला पोलादी पुंगळी पक्की जोडलेलं टोक घ्या. ॲल्युमिनियमची पुंगळी हलकी असते, पण तिरकस मार बसला की पहिली तीच वाकते. फ्रेड बेअर यांनी 1956 मध्ये बाजारात आणलेल्या रेझरहेडने एक मधला मार्ग काढला होता: मुख्य दोन पाती पक्की आणि मधल्या खाचेत बसवायचं पातळ जोडपातं वेगळं. जोडपातं मोडलं तरी मुख्य टोक काम करत राहतं. त्या धर्तीची टोकं आजही मिळतात आणि ज्यांना चार धारा हव्यात त्यांच्यासाठी ती चांगली आहेत.

अग्राकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि बिघडतं तिथेच. सुईसारखं अणकुचीदार अग्र दुकानात छान दिसतं, पण हाडाला टेकताच त्याचा आकडा होतो. वाकलेलं अग्र बाणाला बाजूला खेचतं आणि खोली निम्म्यावर येते. म्हणून चांगले कारागीर अग्र मुद्दाम जाड ठेवतात किंवा टांटो पद्धतीने, म्हणजे छिन्नीसारखं तिरकं, छाटलेलं देतात. मिनेसोटात 1938 साली सुरू झालेल्या झ्विकी कंपनीने अग्रापाशी पत्र्याचे थर एकमेकांवर चढवून ते मजबूत केलं. तिची ती टोकं पारंपरिक तिरंदाज पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. तुम्ही घेतलेल्या टोकाचं अग्र सुईसारखं असेल तर कानशीने दोन-चार हात मारून ते जरा बोथट करा. ऐकायला विचित्र वाटतं, पण खिळा ठोकताना लाकूड चिरू नये म्हणून सुतार खिळ्याचं टोक ठेचतो, त्यातलाच हा प्रकार.

पोलाद किती कडक असावं? पाकिटावर रॉकवेल कडकपणा दिलेला असेल तर तो वाचा. पंचेचाळीसच्या आसपासच्या टोकाला साध्या कानशीने धार लावता येते, शिकारीच्या मधल्या सुट्टीत जंगलात बसूनही. धार लवकर जाते, पण लवकर येतेही. बावन्न ते सत्तावन्नच्या पट्ट्यातलं पोलाद धार जास्त टिकवतं, हाडाला दाद देत नाही; पण तिथे कानस घसरायला लागते आणि हिऱ्याची पट्टी लागते. त्याहून कडक आणि त्यात पातळ असेल तर धारेचे टवके उडतात. एस-7 (हे हादरे सोसण्यासाठीच बनवलेलं) किंवा ए-2 जातीचं हत्याराचं पोलाद महाग असतं, मात्र दहा-दहा वर्षं टिकतं. स्टेनलेस सहसा गंजत नाही, साधं कार्बन पोलाद एका पावसात लाल होतं. पहिल्या खरेदीला मी कार्बन पोलादाचं, कानशीने धार लावता येणारं टोकच सुचवेन. धार लावायचं शिक्षण स्वस्तात होतं.

सिंगल बेव्हल हा अलीकडचा लाडका प्रकार. यात पात्याची एकच बाजू उतरती घासलेली असते आणि दुसरी सपाट. अशा पात्याची धार 25 ते 30 अंशांत येते. दोन्ही बाजूंनी घासलेल्या पात्यात दोन्हींचे वीस-पंचवीस अंश मिळून चाळीस-पन्नास होतात. शिवाय एका बाजूच्या उतारामुळे आत शिरताना टोक फिरतं आणि हाड नुसतं भोसकलं न जाता चिरतं. फायदा खरा आहे, पण एका अटीवर: टोकाचा उतार आणि पिसांचा पीळ एकाच दिशेचा हवा. उजव्या पंखाच्या पिसांच्या बाणाला उजव्या उताराचं टोक. हे जुळलं नाही तर बाण हवेत एका दिशेने फिरत येतो आणि आत शिरताना टोक त्याला उलट दिशेने वळवतं. विकत घेतलेल्या बाणांची पिसं कुठल्या पंखाची आहेत हे दुकानदाराला विचारा; ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून सिंगल बेव्हल घेऊ नका.

धार लावणं हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

साहित्य फार नाही: दहा इंची सपाट कानस, मध्यम आणि बारीक असे दोन दगड किंवा हिऱ्याच्या पट्ट्या, आणि न्हाव्याकडे असायचा तसा चामड्याचा पट्टा, त्यावर चोळायला हिरवं क्रोमियम ऑक्साइड. कोन धरून ठेवणारं चाकांचं साधन मिळतं. सुरुवातीला जरूर घ्या, कारण हाताचा कोन प्रत्येक फेऱ्यात बदलतो आणि धार गोल होत जाते. टोक काडीच्या एका तुकड्यावर बसवून मगच घासा. मोकळं टोक बोटांत धरून घासणारा आज ना उद्या टाके घालून घेतो.

पहिल्यांदा उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढा आणि दोन-तीन हात मारून बघा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर कोन चपटा आहे, फक्त धारेपाशीची गेली तर फार उभा आहे. पूर्ण उतारावरची जाईपर्यंत कोन सुधारा. मग एकाच बाजूला घासत राहा, जोपर्यंत दुसऱ्या बाजूला बोटाला बारीकशी बर (धातूची उठलेली कड) लागत नाही. ही बर पुंगळीपासून अग्रापर्यंत सलग हवी. मध्ये कुठे तुटली असेल तर तिथे धार आलेलीच नाही. नवखे बहुधा इथेच घाई करतात आणि पुढच्या दगडावर जातात. मग कितीही पट्टा मारा, ते टोक कापत नाही. बर सलग आली की बाजू बदला. दुसऱ्या बाजूनेही तसंच करा आणि मग हात हलका करत एक इकडे, एक तिकडे. बारीक दगडावर बर जवळजवळ संपते, उरलेली चामड्यावर धार मागे ओढत काढायची. पुढे ढकललंत तर पट्टाच कापला जाईल.

सिंगल बेव्हलला फक्त उताराची बाजू घासा. सपाट बाजू दगडावर आडवी टेकवून बर काढण्यापुरते दोन हात पुरे. तीन पात्यांचं टोक तर कानशीवर आडवं ठेवलं की दोन पाती एकदम टेकतात आणि कोन आपोआप साठ अंशांचा येतो. ना साधन लागतं, ना अंदाज. मात्र साठ अंश म्हणजे दोन पात्यांपेक्षा जाड धार, हे गृहीत धरून चालावं.

हॉवर्ड हिलसारखी जुनी मंडळी कानशीचे दात उठलेली करवती धार पसंत करायची. ॲशबींच्या चाचण्यांत गुळगुळीत, पट्टा मारलेली धार सरस ठरली. त्यामागचं कारणही समजण्यासारखं आहे: फाटलेल्या रक्तवाहिनीच्या कडेला रक्त लवकर गोठतं, स्वच्छ कापलेल्या वाहिनीतून ते जास्त वेळ वाहतं. हरीण जितकं लवकर पडेल तितकं ते कमी तळमळेल आणि तुमची शोधाशोध कमी होईल. मी गुळगुळीत धारेच्या बाजूचा आहे.

धार आली की नाही हे कसं ओळखायचं? हातावरचे केस निघतात का, ही सगळ्यांची परीक्षा. त्यापेक्षा रबर बँडची परीक्षा खरी. एका खोक्यावर दोन-तीन रबर बँड सैलसर चढवा आणि धार त्यांवरून हलकेच ओढा. मांसातली वाहिनी अशीच ढिली असते, पात्यापुढून सरकते. रबर सरकत राहिला तर परत दगडाकडे. धार टेकताच तो तुटला तर काम झालं.

लाकडी बाणाच्या काडीला पुढे पाच अंशांचा उतार छिलतात आणि त्यावर गरम गोंदाने टोक बसवतात. गोंद वितळवायला आच पुंगळीला द्या. ज्योत पात्यावर गेली आणि धार निळसर झाली तर पोलादाचं पाणी उतरलं समजा. ते टोक आता सरावाला. कार्बन किंवा ॲल्युमिनियमच्या बाणाला आट्यांचं टोक चालतं. बसवल्यावर बाण टेबलावर अग्रावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवा. जोडापाशी डगमग दिसली तर गोंद परत वितळवून टोक फिरवून बसवा. डगमगणारं टोक उडताना पंखासारखं वागतं आणि बाण भलतीकडे नेतं.

वजन वाढवलंत तर काडीही बदलावी लागेल हे विसरू नका. 125 ग्रेनवरून 200 ग्रेनवर गेलात की तीच काडी जास्त लवचीक वागू लागते. तेवढ्याच वजनाची सरावाची टोकं घ्या आणि वीस यार्डांवर दोन्ही एकाच जागी लागतात का ते पाहा. नसतील लागत तर दोष बहुधा ब्रॉडहेडचा नसतो. दोरीवरची बाण बसवायची जागा, दोरी आणि मुठीतलं अंतर, काडीचा ताठरपणा या क्रमाने तपासा. ब्रॉडहेडच्या सरावाला थरांच्या फोमचं निशाण घ्या. चिंध्या भरलेली पिशवी एका दिवसात फाटेल आणि टोकही अडकून बसेल.

कायद्याचं पुस्तक दर हंगामाला नव्याने वाचा. पेनसिल्व्हेनियात पातं किमान 7/8 इंच रुंद हवं, न्यू जर्सीत 3/4 इंच. धनुष्याची किमान ओढही राज्याराज्यांत वेगळी. बऱ्याच राज्यांत काटेरी टोकाला बंदी आहे. पात्याची मागची कड पुढे वळून काडीशी आकडा करत असेल तर ते काटेरी धरलं जातं. असं टोक आवडलंच असेल तर ती कड कानशीने उतरवून घ्या. ब्रॉडहेडच्या किमतीत 11 टक्के केंद्रीय कर धरलेला असतो आणि तो वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो, हे बिल बघून कुरकुरणाऱ्याला सांगायला बरं.

धार जाते ती बहुतेक वेळा हरणामुळे नव्हे, भात्यामुळे. भात्यातल्या फोममध्ये टोक रोज घुसवलं-काढलं की आठवड्याभरात ते बोथट होतं. टोकं एकमेकांवर खडखडली तर त्याहून लवकर. प्रत्येक टोक वेगळं राहील आणि पूर्ण झाकलं जाईल असा भाता घ्या. कार्बन पोलादावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा. झाडावरच्या मचाणावर चढताना धनुष्य आणि भाता खाली ठेवा आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. बाण दोरीवर चढवून चढणारा स्वतःच्याच टोकावर पडतो. आट्यांचं टोक घट्ट करायला पाना वापरा, बोटं नाहीत.

आणि एवढं सगळं जमल्यावरही पंधरा-वीस यार्डांच्या आत, आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असलेलं हरीणच घ्या. समोरून खांद्याच्या हाडावर मारलेला बाण कुठलंही ब्रॉडहेड सावरून घेत नाही.

दुकानात जाल तेव्हा पहिलं पाकीट साध्या, दोन पात्यांच्या, 125 ते 160 ग्रेनच्या कार्बन पोलादी टोकांचं घ्या. तीनपैकी एक टोक जाड प्लायवूडवर मारून बघा, डोळ्यांवर चष्मा लावून. अग्र वाकलं तर ती कंपनी सोडा. नाही वाकलं तर उरलेली दोन शिकारीला ठेवा आणि मारलेलं टोक धार लावायच्या सरावाला. हंगाम उघडायच्या दोन महिने आधी ही खरेदी करा, म्हणजे रबर बँड तुटेपर्यंत हात बसवायला वेळ मिळेल.